बातमीवर बारा ओळी, मैत्रिणीवर एक

या वेळचं पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. नाव-गाव तिने कळवलंय, पण ते मी छापत नाही. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देते.

"ताई, आमची शाळा सकाळची आहे, सात दहाला पहिली घंटा. मी साडेपाचला उठते, पाणी भरते, आईला डबे भरायला मदत करते आणि निघते. साडेबाराला शाळा सुटते. घरी आल्यावर भांडी, मग पाचवीतल्या भावाचा अभ्यास, चार ते सहा क्लास, रात्री गृहपाठ आणि प्रकल्पाची वही. सगळे झोपले की आईच्या मोबाइलवर शिक्षणाच्या बातम्या आणि भाषणं बघते, त्यात साडेअकरा वाजतात. मला या विषयाची खरंच ओढ आहे. पहिलीपासून हिंदी आणायचं ठरलं तेव्हा मी खूप चिडले होते. वर्गातल्या एका मुलीच्या घरी हिंदी बोलतात, तिच्याशी माझं त्यावरून भांडण झालं, अजून अबोला आहे. पाचवी-आठवीला नापास करायचा नियम परत आला ते बरं झालं, नाहीतर मुलं अभ्यासच करत नाहीत. आमचे गणिताचे सर आझाद मैदानावर आंदोलनाला गेले आणि दोन दिवस शाळा बंद होती, ते मला पटलं नाही. कमी पटाच्या शाळा बंद करणार म्हणतात, तेही पटत नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण आठवीनंतर आलीच नाही, तिच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंतच आहे आणि वाडी सात किलोमीटर लांब. इतिहासाच्या तासाला मी हे विषय काढले तर सर म्हणाले, 'पोर्शन व्हायचाय, बस खाली.' पप्पा म्हणतात, 'तुझं वय अभ्यासाचं, राजकारणाचं नाही.' सहामाहीत गणितात मार्क कमी पडले, तेव्हापासून मोबाइलही बंद. ताई, माझं चुकतंय का? अठरा वर्षांची होईपर्यंत गप्प बसू?"

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. नाही, गप्प बसायची गरज नाही. मत देण्याचं वय वेगळं आणि मत असण्याचं वय वेगळं. मत देण्याचं वय तरी कुठे कायमचं ठरलेलं होतं? १९८९ पर्यंत आपल्या देशात ते २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ झालं. बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्याचं बारावं कलम म्हणतं की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि वय, समज पाहून त्याला वजन द्यावं. शाळेइतकी तुझ्याशी संबंधित गोष्ट दुसरी कुठली असणार?

महाराष्ट्रात तर तुझ्या वयाची एक मुलगी तुझ्या कितीतरी आधी या वाटेने गेली आहे. तिचं नाव मुक्ता साळवे. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत ती शिकत होती, मांग समाजातली, वय साधारण चौदा. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. त्यात तिने मोठमोठे प्रश्न विचारले आहेत, धर्माबद्दलसुद्धा. पण मला त्यातली जी जागा विसरता येत नाही ती अगदी साधी आहे: आपल्या समाजातल्या बाळंतिणींच्या डोक्यावर छप्परही नसतं आणि थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिने लिहिलं. ते तिला कुणी भाषणात सांगितलं नव्हतं. तिने ते पाहिलेलं होतं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तुझं मूळ पत्र मी दोनदा वाचलं आणि मग ओळी मोजल्या. हिंदीवर बारा ओळी, परीक्षेवर पाच, सरांच्या आंदोलनावर चार. आणि बाकावरच्या मैत्रिणीवर एक. त्या एका ओळीकडे मी शेवटी येणार आहे, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला तेच वाटतं. तू ते घाईत लिहून पुढे गेलीस.

आधी तुझा दिवस बघू. साडेअकराला झोपून साडेपाचला उठतेस, म्हणजे सहा तास झोप. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात. गणितात मार्क कमी पडले त्याचं कारण पप्पा 'राजकारण' म्हणतात, तू कदाचित 'सर नीट शिकवत नाहीत' म्हणत असशील. मला मात्र पहिला संशय झोपेवर आहे. मी माध्यमिक शाळेत बावीस वर्षं शिकवलं, सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला गणित असलं की अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो हे मला माहीत आहे. गंमत बघ, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला, आणि कारण दिलं ते मुलांच्या झोपेचं. तुझ्यासारख्या नववीच्या मुलीला त्या निर्णयात जागा नाही. यावर तुझ्या पत्रात एक शब्दही नसावा याचं मला आश्चर्य वाटलं. रोज साडेपाचला उठणारी तू, या विषयावर तुझ्याइतकं अधिकाराने कोण बोलणार?

तेव्हा रात्रीचा मोबाइल पप्पांनी बंद केला म्हणून रडू नकोस. शिक्षणाचं राजकारण समजून घ्यायला रात्रीच्या तुकड्या-तुकड्यांतली भाषणं कामाची नाहीत. ती तुला चिडवायला कापलेली असतात. दुपारी वीस मिनिटं वर्तमानपत्र वाच, घरी येत नसेल तर शाळेच्या वाचनालयात किंवा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात येतं. एकच बातमी दोन वेगवेगळ्या पेपरांत वाचून बघ. साडेनऊला अंथरुणाला पाठ टेकायला हवी.

आणखी एक. दुपारची भांडी तू घासतेस आणि मग भावाचा अभ्यासही तूच घेतेस. भाऊ पाचवीत आहे, दहा-अकरा वर्षांचा, म्हणजे भांडी घासून लावण्याइतका मोठा. आईशी बोल. ओरडून नको, 'मला रोज पाऊण तास गणिताला हवाय, तेवढं त्याने करावं' असं सरळ मागणं माग. मुलीच्या अभ्यासातला पाऊण तास कुठे जातो, हा प्रश्न सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडली तेव्हाही होता. त्याची सुरुवात मंत्रालयापासून करावी लागत नाही.

आता पप्पा. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना वेगळीच भीती वाटते आहे. 'राजकारण' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तू आणि तुझी वही येत नाही. झेंडे घेऊन मोटारसायकलवर फिरणारी, मग कुठल्या तरी गुन्ह्यात नाव आलेली आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकलेली गावातली पोरं येतात. अशी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या आयुष्याची किंमत त्यांच्या नेत्यांनी मोजली नाही, आईबापांनी मोजली. म्हणून पप्पांना दोन गोष्टी सांग. पहिली, कुठल्याही पक्षाच्या कार्यक्रमाला मी गणवेशात जाणार नाही, कुणाच्या व्यासपीठावर उभी राहणार नाही आणि शिक्षकांचे किंवा वर्गाचे व्हिडिओ कुठे टाकणार नाही. हे वचन दे आणि पाळ. दुसरी, दहावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक ओळखीच्या कुणाकडून आणून त्यांना दाखव. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, असे सरळ धडेच आहेत त्यात. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० मार्कांचा. पुढच्या वर्षी बोर्डच तुला या विषयावर प्रश्न विचारणार आहे, तेव्हा हे अभ्यासाबाहेरचं नाही. आणि तिसरी गोष्ट सांगायची नाही, करून दाखवायची: गणिताचे मार्क. पप्पांशी वाद घालण्याचा तोच एक मार्ग आहे ज्यात आवाज चढत नाही.

इतिहासाच्या सरांनी खाली बसवलं याचं वाईट वाटलं असेल. पण पस्तीस मिनिटांच्या तासात साठ मुलं आणि संपवायचा पोर्शन, हे त्यांचंही खरं आहे. मधल्या सुट्टीत भेट, एकच प्रश्न कागदावर लिहून ने. उभं राहून भाषण करणाऱ्या मुलांना मीही खाली बसवलेलं आहे, आणि कागद घेऊन आलेल्यांसाठी घरी पुस्तकं शोधली आहेत.

आता तुझी मतं. तू मागितलं नाहीस, पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय 'मत बाळग' म्हणणं हे नुसतं पाठीवर हात फिरवणं होईल.

हिंदीचं थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलून 'सर्वसाधारणपणे' हिंदी असा शब्द आला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. तुझा राग त्या शासन निर्णयावर होता ना? तो निर्णय तुझ्या वर्गमैत्रिणीने लिहिला नव्हता. तिच्या घरातली भाषा हा तिचा गुन्हा नव्हे, जशी तुझ्या घरातली मराठी हा तुझा पराक्रम नव्हे. उद्या जाऊन तिच्याशी बोल. आणि या वादात तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी भाषणं करणाऱ्यांकडे नाही. तू स्वतः पाचवीत हिंदी सुरू केलीस. तेव्हा तुला मराठी नीट वाचता येत होतं म्हणून हिंदी सोपी गेली, की लिपी एकच असल्याने ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ झाला? पहिलीतलं मूल आणि पाचवीतलं मूल यांत फरक काय पडतो? हे लिही. बाकीच्या दहा ओळी तू ऐकलेल्या होत्या, मला त्या ऐकूनच ओळखू आल्या.

सरांच्या आंदोलनाबद्दल तू म्हणतेस की आमचं नुकसान झालं. झालंच. दोन दिवसांचे तास गेले ते गेले. पण सर कशासाठी गेले होते हे तू त्यांना विचारलंस का? आपल्या राज्यात 'कायम विनाअनुदानित', म्हणजे पगारासाठी सरकारी पैसा कधीच मिळणार नाही या अटीवर, शाळांना परवानग्या दिल्या गेल्या, पुढे २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला गेला आणि मग अनुदान टप्प्याटप्प्याने, २० टक्के, ४० टक्के, असं येऊ लागलं. म्हणजे पूर्ण वेळ शिकवायचं आणि पगार टप्प्याचा. कितीतरी शिक्षकांची उमेदीची वर्षं या टप्प्यांची वाट बघण्यात गेली. माझ्या शेजारच्या खोलीत शिकवणारे एक सर शाळा सुटली की दुसरीकडे हिशेब लिहायला जायचे, हे आम्हाला कित्येक वर्षांनी कळलं. तुझे सर त्यांच्यातले आहेत की नाहीत मला माहीत नाही, तू विचार. आदराने विचारलंस तर ते सांगतील. शिवाय त्यांना एक विचारण्यासारखा प्रश्न आहे. आपल्या विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघाच्या आहेत आणि तिथे माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत असतं, प्राथमिक शिक्षकांना नसतं. त्यांचे आमदार सभागृहात काय मांडतात? हे तुला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त शिकवेल.

परीक्षेचं मात्र मला तुझं पटलेलं नाही, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

'नापास करायलाच हवं, नाहीतर मुलं अभ्यास करत नाहीत.' हे वाक्य मी शिक्षक खोलीत इतक्यांदा ऐकलंय की कोण बोललं हे न बघता मी मान डोलवायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. २०१९ मध्ये केंद्राने ते बदललं, आणि आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. पण जुन्या कायद्यात 'नापास करू नका' एवढंच नव्हतं. त्यासोबत वर्षभर मुलाकडे बघत राहायचं होतं: आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन, मूल जिथे अडलं तिथे लगेच हात द्यायचा. आमच्याकडे काय झालं? नोंदवह्या भरल्या. रकाने भरले. 'समाधानकारक प्रगती' लिहिलं. हात द्यायला वेळ कुणालाच नव्हता, मलाही नव्हता, आणि त्याची खंत मला आजही आहे. मग मुलं आठवीला भागाकार न येता पोचली आणि सगळ्यांनी मिळून दोष 'नापास न करण्याला' दिला.

आता तुझ्या भावाकडे बघ. तू त्याचा अभ्यास रोज घेतेस, म्हणजे त्याच्या शिक्षकांपेक्षाही जवळून तू त्याला बघतेस. तो कुठे अडतो? समज, तीन अंकी भागाकाराला अडतो. का अडतो? पाढे येत नाहीत म्हणून, की हातचा कुठे लिहायचा ते कळत नाही म्हणून, की शाब्दिक उदाहरणातलं मराठी वाक्यच कळत नाही म्हणून? यातल्या कुठल्या अडचणीवर पाचवीत आणखी एक वर्ष बसवणं हे औषध आहे? नापासाचा शिक्का बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातली थोडी इरेला पेटून शिकली. बरीचशी पुढच्या वर्षी मागच्या बाकावर जाऊन बसली आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुठल्याच बाकावर नव्हती. मुली तर आधी घरी बसवल्या गेल्या. भीतीने अभ्यास करणारं मूल असतंच, नाही म्हणत नाही. पण ते मूल बहुधा आधीपासून अभ्यास करणारंच असतं, तुझ्यासारखं.

तू माझं ऐकून मत बदलावंस असं नाही. महिनाभर भावाच्या चुकांची वही ठेव: तारीख, काय चुकलं, का चुकलं, कशाने सुटलं. महिन्यानंतरही 'नापास करायलाच हवं' असं वाटलं तर मला पुन्हा लिही. तेव्हा ते तुझं मत असेल आणि मी ते छापेन. आणि भाऊ ज्या शाळेत आहे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. आईला विचार, तुमच्यापैकी कुणाला कधी बैठकीला बोलावलंय का. पुष्कळ ठिकाणी सही घरी येते, बैठक येत नाही.

एक गोष्ट जाता जाता लक्षात ठेव, म्हणजे कुणाला काय विचारायचं ते कळेल. १९७६ पर्यंत शिक्षण हा राज्याचा विषय होता, ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणून दिल्ली आणि मुंबई दोघंही त्यावर निर्णय घेतात आणि कधीकधी एकमेकांकडे बोट दाखवतात. पण तुझं पुस्तक बालभारती छापते, दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेतं, शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्या बघून सरकार देतं त्या मंजुरीत, ठरतात आणि घंटा किती वाजता व्हायची हे बहुतेक वेळा तुझ्याच शाळेत ठरतं. शाळेची पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृहं, ग्रंथालय यांची माहिती युडायस या शाळांच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तुमच्या शाळेची बघ, आणि तिथे लिहिलंय ते प्रत्यक्षात आहे का ते डोळ्यांनी मोज.

आता ती एक ओळ.

तुझ्या बाकावरची मैत्रीण आठवीनंतर आली नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मागणी केली होती की निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून दाखवलं. अख्ख्या देशाला कायदा मिळायला २००९ उजाडलं, आणि त्यात वयाची रेघ ओढली गेली ती १४ वर, म्हणजे आठवीवर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात १८ पर्यंतची गोष्ट आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. तू आणि तुझी मैत्रीण त्या रेघेच्या नेमक्या पलीकडे आहात. नववीत आली नाही म्हणून तिला शोधायला जाणं हे आज कुणावरही तसं बंधनकारक नाही.

पण जरा मागे जाऊन बघ. आठवीलाही ती सात किलोमीटरवरून येत होती. कायद्याच्या नियमांत सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, नसेल तर जाण्यायेण्याची सोय हवी. आपल्याकडची जुनी रचना सातवीपर्यंत एक शाळा आणि आठवीपासून दुसरी अशी, नवा कायदा आठवीपर्यंत, आणि या दोन्हींच्या शिवणीत वाड्यावस्त्यांवरची आठवी उसवली. तिला ते आठवीचं वर्ष वाहतूक भत्ता मिळत होता का? ती चालत यायची, की कुणाच्या गाडीवर? वर्षभर शेजारी बसून तुला हे माहीत असेल. कमी पटाच्या शाळा बंद करू नयेत असं तू म्हणतेस, त्याचं कारण तू पत्रात दिलं नाहीस, कारण ते तुला भाषणात सापडलं नसेल. ते तुझ्या बाकावर होतं. शाळा लांब गेली की आधी कोण गळतं, हे तू पाहिलंयस.

तर या रविवारी आईला सोबत घेऊन तिच्या घरी जा. एकटी जाऊ नकोस. उपदेश करायला जाऊ नका, वह्या दाखवायला, गप्पा मारायला जा. कारण अंतराचंच आहे असं धरून चालू नकोस. धाकटी भावंडं सांभाळायची असतील, घरचे ऊसतोडीला जात असतील, घरात कुणी आजारी असेल. लग्नाची बोलणी चालल्याचं कानावर आलं तर तिथे काही बोलू नकोस, घरी येऊन मोठ्यांना सांग. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, तो मोफत लागतो आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. तसं काही नसेल आणि तिला यायचं असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. आठवी झालेली आहे, तिला नववीत परत बसता यायला हवं. हे वर्ष गेलंच तर पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. पण तो दुसरा रस्ता, पहिला शाळेचाच.

आणि अंतराचंच कारण निघालं तर ते सुटण्यासारखं आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जायला-यायला एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजना म्हणतात तिला. मुख्याध्यापकांची सही लागते. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांपैकी असेल तर शाळेच्या मुलींसाठी वेगळ्या बसही असतात. पण माझा अनुभव असा की पास असतो आणि बस नसते, किंवा बस असते ती आठला निघते आणि घंटा सात दहाची. म्हणून आधी वाडीवरून पहिली बस किती वाजता निघते ते विचारून ये, आणि त्या रस्त्यावरून आणखी किती मुलं-मुली शाळेत येतात, किती येऊ शकतील, त्यांची यादी कर.

मग अर्ज लिही. आगार व्यवस्थापकांना, एका पानाच्या आत. 'शिक्षणाचा बोजवारा' वगैरे काही नको. वाडीचं नाव, शाळेचं नाव, अंतर, घंटेची वेळ, आताच्या बसची वेळ, मुलांची यादी आणि हवी असलेली वेळ. खाली मुख्याध्यापकांची आणि सरपंचांची सही, मुलांच्या पालकांच्या सह्या. पप्पांना सोबत यायला सांग. मला वाटतं ते येतील, कारण इथे झेंडा नाही, एक कागद आहे. दोन प्रती काढा. एक आगारात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच म्हणून परत आणायची. ती पोच जपून ठेव, आणि पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तिची झेरॉक्स मला पाठव.

तुझी ताई